व्हीगन व्हायचा विचार करताय? काय सोडायचं याच्या आधी काय भरायचं ते ठरवा

व्हीगन व्हायचं म्हटलं की बहुतेक जण पहिली यादी करतात ती बंद काय काय करायचं याची. मांस बंद, मासे बंद, अंडी बंद, दूध-दही-लोणी-चीज बंद, मध पण बंद, आणि मग जे उरलंय तेच खात राहायचं. इथेच गाडं अडतं. काही महिन्यांत थकवा जाणवायला लागतो, सारखी भूक लागते, आणि मग "मला नाही झेपत हे" म्हणून सोडून दिलं जातं. माझं स्पष्ट मत आहे की यात इच्छाशक्तीचा दोष फार कमी वेळा असतो, ताटातून जे काढलं त्याच्या जागी काही ठेवलेलंच नसतं, दोष त्याचा असतो. म्हणून खाली जे लिहितोय त्यात सगळा भर भरण्यावर आहे, सोडणं त्या मानाने सोपं आहे.

सुरुवात करायच्या आधी

कशासाठी करताय ते स्वतःपुरतं एकदा क्लिअर करून घ्या. प्राण्यांसाठी करणारा माणूस मध आणि लेदर पण सोडतो. पर्यावरणासाठी करणाऱ्याला उत्सर्जनाचे आकडे महत्त्वाचे वाटतात आणि ते आकडे आहेत पण, २०१८ मध्ये सायन्स या जर्नलमध्ये ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांच्या डेटावरचा एक मोठा अभ्यास आला, त्यात असं दिसलं की प्राणिज पदार्थांतले सगळ्यात कमी प्रदूषण करणारे उत्पादक धरले तरी त्यांचा भार साधारणपणे त्याला पर्यायी असलेल्या वनस्पतिजन्य पदार्थांपेक्षा जास्तच पडतो. तब्येतीसाठी करत असाल तर मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा, व्हीगन म्हणजे आपोआप हेल्दी असं नाही. बटाट्याचे चिप्स आणि कोल्ड्रिंक हे पण व्हीगनच असतं.

आणि एक, काही लोकांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय सुरूच करू नये. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, लहान मुलं, किडनीचे पेशंट (कडधान्यं, सुकामेवा, भाज्या यातून पोटॅशियम खूप वाढू शकतं), इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या घेणारे, आणि वॉरफेरिनवर (रक्त पातळ ठेवणारं औषध) असलेले, कारण हिरव्या पालेभाज्यांतलं व्हिटॅमिन के अचानक वाढलं की त्या औषधाचा परिणाम कमी होतो. ज्यांना आधी कधी खाण्याशी संबंधित मानसिक त्रास झालाय, उपाशी राहणं, वजनाची सतत भीती वगैरे, त्यांनी पण. नवीन नियमांच्या आड तो जुना त्रास परत डोकं वर काढू शकतो आणि बाहेरून ते कोणाला कळतही नाही.

बाकीच्यांनी निदान एकदा रक्त तपासून घ्या. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), व्हिटॅमिन बी१२, फेरिटिन (शरीरातल्या लोहाचा साठा दाखवणारी तपासणी), व्हिटॅमिन डी, एवढं पुरे. हा आजचा रिपोर्ट असेल तरच सहा महिन्यांनी काही बदललं का ते कळेल, नाहीतर आधीपासूनच असलेल्या कमतरतेचं खापर नव्या डाएटवर फुटतं.

पहिली पायरी: बी१२, बाकी सगळं नंतर

मी हे मुद्दाम पहिलं ठेवलंय, कारण बाकीच्या पोषणात थोडं इकडे तिकडे झालं तर शरीर सांभाळून घेतं, इथे नाही घेत. बी१२ झाडं बनवत नाहीत, प्राणी पण बनवत नाहीत, ते बनवतात बॅक्टेरिया. प्राण्यांच्या शरीरात ते साठतं आणि मांस, दूध, अंड्यातून आपल्याला मिळतं. म्हणजे व्हीगन जेवणात, कितीही भाज्या खा, भरवशाचं बी१२ नसतं. स्पिरुलिना (शैवालाची पावडर), सीवीड (समुद्री शेवाळ), न धुतलेल्या भाज्या, आंबवलेले पदार्थ यांची नावं सारखी कानावर येतात, पण यातल्या एकावरही विसंबून राहू नका. स्पिरुलिनात जे सापडतं ते बहुतांशी बी१२ सारखं दिसणारं पण माणसाच्या शरीरात काम न करणारं रूप असतं.

याची फसवी बाजू अशी की लिव्हरमध्ये साठा असतो आणि तो काही वर्षं सुद्धा पुरू शकतो. त्यामुळे "मी दोन वर्षं झाली व्हीगन आहे, काही घेत नाही, मस्त आहे" असं सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो, त्याचा साठा अजून संपलेला नसतो एवढंच. तो संपला की हातापायाला मुंग्या, बधिरपणा, जीभ लाल होऊन दुखणं, थकवा, विसरभोळेपणा, चालताना तोल जाणं असं सुरू होतं, आणि नसांचं नुकसान उशिरा लक्षात आलं तर ते पूर्ण भरून येईलच असं नाही. शिवाय व्हीगन जेवणात फोलेट (हे पण एक बी व्हिटॅमिन) भरपूर असतं आणि ते बी१२ च्या कमतरतेमुळे होणारा ॲनिमिया झाकून टाकू शकतं, म्हणजे हिमोग्लोबिन ठीक दिसतं आणि आत नसांचं नुकसान चालूच असतं.

मग किती घ्यायचं? अमेरिकेच्या यादीत मोठ्या माणसाला रोज २.४ मायक्रोग्रॅम लिहिलेलं दिसेल, युरोपच्या यादीत ४, आणि गोळीवर मात्र १०, ५००, १०००, २००० काहीही असतं, आणि हे बघून माणूस गोंधळतो. कारण साधं आहे. पोटात बी१२ शोषून घेणारी जी यंत्रणा आहे ती एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच्या आसपासच घेऊ शकते, त्यावरचं जे असतं त्यातलं जेमतेम एक टक्का आत जातं. म्हणून थोडं थोडं आणि वारंवार घेतलं तर कमी लागतं, क्वचित घेतलं तर डोस खूप मोठा लागतो. इंग्लंडमधली व्हीगन सोसायटी, जी १९४४ पासून हेच काम करतेय, तीन पर्याय देते: बी१२ घातलेले फोर्टिफाइड पदार्थ दिवसातून दोन-तीन वेळा खाऊन किमान ३ मायक्रोग्रॅम, किंवा रोज किमान १० मायक्रोग्रॅमची गोळी, किंवा आठवड्यातून एकदा किमान २००० मायक्रोग्रॅम. यातला जो तुमच्या हातून चुकणार नाही तो निवडा. मला आठवड्याचा वार ठरवून घेणं जास्त सोपं वाटतं, पण रोज बाकी गोळ्या घेणाऱ्याला रोजचीच बरी. बी१२ चं सायनोकोबालामिन हे रूप टिकाऊ आहे आणि सगळ्यात जास्त अभ्यासलेलं आहे, महागड्या रूपांच्या मागे लागायची गरज नाही. मेटफॉर्मिन (डायबेटिसचं औषध) किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या बरीच वर्षं घेताय तर शोषण अजून कमी होतं, ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. आणि रिपोर्टमध्ये आधीच कमी आलं असेल तर हे डोस तुमच्यासाठी नाहीत, तेव्हा उपचार लागतात.

दुसरी पायरी: तीन दिवसांचा कागद

एक कागद घ्या आणि नेहमीसारखं जे खाता ते तीन दिवस लिहून काढा, चहातल्या दुधासकट, मुद्दाम चांगलं खाऊ नका. मग त्यात जे जे प्राणिज आहे त्याला गोल करा आणि प्रत्येक गोलाशेजारी लिहा की हा पदार्थ मला देत काय होता. सकाळचं ऑम्लेट: प्रोटीन. कॉफीतलं दूध: चव आणि थोडं कॅल्शियम. दुपारचं दही: प्रोटीन, कॅल्शियम, आणि जेवण संपल्यासारखं वाटणं. हो, हे पण लिहायचं, कारण ते समाधान गेलं की तासाभरात पुन्हा काहीतरी हुडकायला लागतो. बिस्किटातली दूध पावडर: काहीच नाही. आता बदल शोधताना नावाला नाव जोडू नका, कामाला काम जोडा. ऑम्लेटच्या जागी फळ खाल्लं तर फळ चांगलंच आहे पण प्रोटीनची जागा रिकामी राहिली. दुधाच्या जागी बदामाचं दूध आणलं तर एका कपात प्रोटीन एक ग्रॅमच्या आसपास असतं, सोया दुधात सात-आठ ग्रॅम, म्हणजे जवळपास गायीच्या दुधाइतकं. कॉफीत चमचाभर घालायचं असेल तर कुठलंही चालेल, पण मुलाच्या पेल्यात ओतणार असाल तर हा फरक फार मोठा आहे.

प्रोटीनचा हिशोब भीतीदायक नाहीये. मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोला ०.८ ग्रॅम हा नेहमीचा आकडा, म्हणजे ६० किलोला ४८ ग्रॅम, आणि वनस्पतींचं प्रोटीन पचायला थोडं कमी पडतं म्हणून त्यावर थोडं जास्तच धरा. १०० ग्रॅम शिजलेल्या मसुरात ९ ग्रॅम, घट्ट टोफूच्या १०० ग्रॅमात ब्रँडप्रमाणे १२ ते १७, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यात ७ ते ८. लक्ष द्यायचं ते लायसिन नावाच्या अमिनो ॲसिडकडे, धान्यात ते कमी असतं आणि डाळी, कडधान्यं, सोया यात भरपूर. त्यामुळे दिवसभरातल्या प्रत्येक मोठ्या जेवणात यातलं काहीतरी एक हवंच असा नियम करून टाका, बाकी हिशोब आपोआप बसतो. एकाच ताटात धान्य आणि डाळ एकत्र हवीच असं मात्र काही नाही, दिवसभरात दोन्ही पोटात गेलं की झालं.

बदल एकदम करायचा की हळूहळू? दोन्ही जमतं लोकांना, पण नवख्याला मी सांगेन की आधी नाश्ता पूर्ण बदला, तो अंगवळणी पडला की दुपारचं, मग रात्रीचं. नाश्ता बहुतेकांचा रोज तोच तो असतो त्यामुळे एकदा बसवला की विचार करावा लागत नाही. आणि उपाशी राहू नका. भाज्या आणि कडधान्यांनी पोट लवकर भरतं पण कॅलरी कमी जातात, मग वजन नको तितकं उतरतं. दाण्याचं किंवा तिळाचं कूट, तेल, सुकामेवा, ॲव्होकाडो याला हात आखडू नका.

पोटाचं काय होतं

गॅस होणार. पहिले दोन-तीन आठवडे फायबर अचानक बरंच वाढलेलं असतं आणि आतड्यातल्या बॅक्टेरियांना जुळवून घ्यायला वेळ लागतो. कडधान्यं आठ-बारा तास भिजवा, ते पाणी फेकून द्या, नवीन पाण्यात चांगली मऊ शिजवा, सुरुवातीला छोटी वाटी घ्या, सालीच्या डाळींपेक्षा धुतलेल्या डाळी आणि टोफू हलके पडतात. पाणी वाढवा, नाहीतर फायबरमुळे उलट पोट घट्ट होतं.

राजम्याबद्दल एक गंभीर गोष्ट. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं विषारी प्रोटीन असतं आणि अर्धवट शिजलेल्या थोड्याशा दाण्यांनी सुद्धा उलट्या-जुलाब होतात. भिजवल्यावर ताज्या पाण्यात किमान दहा मिनिटं खळखळ उकळी हवी. स्लो कुकरच्या कमी आचेवर कच्चा राजमा थेट टाकू नका, तिथे तापमान पुरेसं चढत नाही. प्रेशर कुकरमध्ये हा प्रश्न येत नाही.

तिसरी पायरी: लोह, कॅल्शियम आणि बाकीची मंडळी

वनस्पतींतलं लोह शरीर कमी शोषतं, पण ते वाढवणं आपल्या हातात असतं. जेवणात व्हिटॅमिन सी असलेलं काहीतरी घ्या, लिंबू, टोमॅटो, ढोबळी मिरची, संत्रं, आणि चहा-कॉफी जेवणाबरोबर न घेता तासभर तरी लांब ठेवा. हा एवढा एकच बदल फार मोठा आहे. भिजवणं, मोड आणणं, आंबवणं यानेही लोह आणि झिंक जास्त मोकळं होतं. पाळीत जास्त रक्त जात असेल तर फेरिटिनवर लक्ष ठेवाच, पण रिपोर्ट न बघता लोहाच्या गोळ्या सुरू करू नका, जास्त झालेलं लोह पण त्रास देतं.

कॅल्शियममध्ये पालक फसवतो. कागदावर आकडा मोठा दिसतो पण त्यातल्या ऑक्झलेटमुळे (कॅल्शियमला बांधून ठेवणारं द्रव्य) त्यातलं जेमतेम पाच टक्के अंगी लागतं. केल, ब्रोकोली, बोक चॉय या भाज्यांतलं जवळपास निम्मं लागतं. टोफू घेताना घटकांत कॅल्शियम सल्फेट लिहिलंय का बघा, दुसऱ्या पद्धतीने जमवलेल्या टोफूत कॅल्शियम बरंच कमी असतं. वनस्पती दुधाच्या खोक्यावर १०० मिलीला १२० मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम लिहिलेलं असेल तर ते गायीच्या दुधाच्या बरोबरीचं समजा, आणि मग ते खोकं प्रत्येक वेळी जोरात हलवून ओता. वरून घातलेलं कॅल्शियम तळाशी बसतं, न हलवता ओतत राहिलात तर शेवटी खोकं कापून बघा, तळाला पांढरा गाळ दिसेल, तुमचं कॅल्शियम ते तिथे पडलंय. ऑरगॅनिक लिहिलेल्या बऱ्याच वनस्पती दुधात कॅल्शियम घातलेलंच नसतं, त्यामुळे पुढचं नाव वाचून घेऊ नका, मागचा तक्ता वाचा.

आयोडीनसाठी आयोडाइज्ड मीठ पुरतं, रोजची गरज १५० मायक्रोग्रॅमची आहे. सैंधव किंवा सी सॉल्ट वापरत असाल तर त्यात बहुतेक वेळा आयोडीन घातलेलं नसतं. केल्प नावाच्या सीवीडच्या गोळ्या टाळा, त्यात आयोडीन इतकं जास्त असू शकतं की थायरॉइड बिघडतो. ओमेगा ३ साठी रोज चमचाभर जवस, पण दळून किंवा कुटून, अख्खे दाणे जसेच्या तसे बाहेर पडतात. चिया आणि अक्रोड पण चालतात. यातून शरीर डीएचए (मेंदू आणि डोळ्यांना लागणारं ओमेगा ३ चं रूप) बनवतं पण फार थोडं, म्हणून गरोदर असाल तर शैवालापासून केलेल्या डीएचएच्या कॅप्सूलबद्दल डॉक्टरांना विचारा, माशांना ते मिळतं मुळात शैवालातूनच. व्हिटॅमिन डी ३ बहुतेक वेळा मेंढीच्या लोकरीतल्या लॅनोलिनपासून करतात, व्हीगन हवं असेल तर डी २ किंवा लायकेनपासून (दगडफुलासारखी वनस्पती) केलेलं डी ३ मिळतं.

चौथी पायरी: पाकिटाची मागची बाजू

पहिल्या महिन्यात दुकानात वेळ जातो, जाऊ द्या, नंतर पाठ होतं. नॉन डेअरी लिहिलेल्या क्रीमरमध्ये सुद्धा केसीन असू शकतं, आणि केसीन म्हणजे दुधातलं प्रोटीन. व्हे (दुधाच्या निवळीतलं प्रोटीन), लॅक्टोज (दुधातली साखर), मिल्क सॉलिड्स, तूप हे दुधाचं. जिलेटिन हाडं आणि कातडीपासून, ते मार्शमेलोत, जेलीत आणि औषधांच्या कॅप्सूलमध्ये असतं. ई १२० हा लाल रंग किड्यांपासून, ई ९०१ म्हणजे मधमाशीचं मेण, ई ९०४ म्हणजे लाख, चकचकीत गोळ्यांवर आणि काही फळांवर असते. ई ४७१ वनस्पतीचं पण असतं आणि प्राण्याचं पण, ते कंपनीला विचारल्याशिवाय कळत नाही. "दुधाचे अंश असू शकतात" ही ओळ ॲलर्जी असलेल्यांसाठी असते, तो पदार्थ त्याच मशीनवर बनला एवढाच तिचा अर्थ, म्हणून ते परत ठेवायची गरज मला तरी वाटत नाही.

औषधांच्या बाबतीत एक कळकळीची विनंती, गोळीत लॅक्टोज आहे किंवा कॅप्सूल जिलेटिनची आहे म्हणून चालू औषध बंद करू नका. व्हीगन सोसायटीच्या व्याख्येतच "शक्य आणि व्यवहार्य असेल तितकं" असं म्हटलंय आणि ते अशाच वेळेसाठी आहे. फार्मासिस्टला पर्याय विचारा, नसेल तर औषध घ्या.

वाचायचं कसं

या विषयावर वाचायला इतकं आहे की माणूस बुडून जाईल, आणि अर्धं तर काहीतरी विकणाऱ्यांनी लिहिलेलं असतं. सुरुवातीला दोन-तीन ठिकाणं पुरतात. ब्रिटनच्या एनएचएसचं (तिथली सरकारी आरोग्यसेवा) व्हीगन डाएटचं पान आहे, व्हीगन सोसायटीची पोषणाची पानं आहेत, आणि अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या सप्लिमेंट विभागाची एकेका व्हिटॅमिनवरची माहितीपत्रकं आहेत, साधी सामान्य लोकांसाठी आणि सविस्तर डॉक्टरांसाठी अशी वेगवेगळी. सविस्तर वालं उघडायला घाबरू नका, त्यातले तक्ते सरळ असतात.

वाचताना साल बघा आणि ते कोणाबद्दल म्हटलंय ते बघा. अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञांच्या ॲकॅडमीने २०१६ मध्ये म्हटलं होतं की नीट आखलेला व्हीगन आहार आयुष्याच्या सगळ्या टप्प्यांवर योग्य आहे, आणि ते वाक्य आजही सगळीकडे चिकटवलेलं दिसतं. २०२५ मध्ये त्यांचं नवीन निवेदन आलं ते फक्त प्रौढांपुरतं आहे, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका त्यात धरलेल्या नाहीत. म्हणजे मुलांना व्हीगन आहार चालत नाही असं ते म्हणत नाहीत, पण जुनं वाक्य दाखवून कोणी लहान बाळाचा आहार ठरवत असेल तर त्याला थांबवायला हवं.

आणि न आवडणारं पण वाचा. ब्रिटनमधल्या एपिक ऑक्सफर्ड या मोठ्या अभ्यासात २०२० मध्ये असं दिसलं की व्हीगन लोकांत हाडं मोडण्याचं प्रमाण मांस खाणाऱ्यांपेक्षा ४३ टक्के जास्त होतं. कमी वजन, कमी कॅल्शियम आणि कमी प्रोटीन हे त्यातलं काही अंशी कारण होतं, सगळं नाही. हे वाचून व्हीगन होणं रद्द करावं असं मी म्हणणार नाही, पण सोया दूध, टोफू, आणि आठवड्यातून दोनदा तरी वजन उचलण्याचा व्यायाम हे मनावर घ्यावं असं नक्की म्हणेन.

घरातले, बाहेरचे, आणि मुलं

जेवायला बोलावलं तर आदल्या दिवशी सांगा, ऐन ताटावर नाही, आणि जमलं तर सगळ्यांना पुरेल असा एक पदार्थ स्वतः घेऊन जा. वाद जेवताना घालू नका. बेकिंग करत असाल तर एका अंड्याच्या जागी एक चमचा दळलेलं जवस तीन चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवून घाला (पोहे खायच्या मोठ्या चमच्याने मोजा), केक आणि कुकीला छान चालतं, फेसाळ गोष्टींना नाही, तिथे छोले शिजवलेलं घट्ट पाणी फेटून वापरतात.

मुलांच्या बाबतीत मी कडक आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला दूध म्हणून आईचं दूध किंवा बाळांसाठीचा फॉर्म्युलाच, सोया फॉर्म्युला मिळतो, पण दुकानातलं साधं बदाम, ओट किंवा तांदळाचं दूध त्याची जागा कधीच घेऊ शकत नाही. पाजणाऱ्या आईचं बी१२ कमी असेल तर बाळाच्या मेंदूवर परिणाम होतो आणि तो गंभीर असतो, त्यामुळे आईची गोळी एक दिवस पण चुकायला नको. वाढत्या मुलाचं वजन-उंची नियमित मोजा आणि बालरोगतज्ज्ञाला आहार काय आहे ते लपवू नका, ओरडा बसेल म्हणून बरेच पालक सांगत नाहीत आणि मग तपासण्या राहून जातात.

तीन ते सहा महिन्यांनी तेच रक्ताचे रिपोर्ट परत काढा आणि जुन्याशेजारी ठेवून बघा. बी१२ गोळी घेऊनही काठावर असेल किंवा रिपोर्ट ठीक असून मुंग्या येत असतील तर एमएमए किंवा होमोसिस्टीन (बी१२ कमी पडलं की रक्तात वाढणारी द्रव्यं) तपासता येतं का विचारा, नुसत्या बी१२ च्या आकड्यावरून सगळं कळत नाही. फेरिटिन उतरलं असेल तर आधी जेवणाबरोबरचा चहा बघा. त्यानंतर सगळं जागेवर असेल तर वर्षातून एकदा तपासलं तरी चालतं.